ऋण कुणाचे, फेड कुणाला?

शाळा सोडून परदेशी गेलेला विद्यार्थी काही वर्षांनी आपल्या शाळेकडे पैसे पाठवतो. आपल्यासारखेच आणखी काहीजण गोळा करतो, संघ स्थापन करतो आणि शाळेतील गरीब मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू करतो. ही गोष्ट चांगली की वाईट असे विचारले तर उत्तर उघड आहे. ती चांगली आहे. एका मुलाची फी भरली जाते, एका बापाला सावकाराचा उंबरा चढावा लागत नाही. या गोष्टीची टवाळी करण्याचे काहीच कारण नाही. परंतु चांगल्या गोष्टीचीही चिकित्सा करावी लागते. वाईटाला विरोध करणारे पुष्कळ असतात; चांगुलपणाच्या आडोशाला उभ्या असलेल्या व्यवस्थेकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

जेझुइट संघाच्या शाळांच्या बाबतीत ही चिकित्सा विशेष गरजेची आहे. पुण्याची सेंट व्हिन्सेंट शाळा १८६७ ची, मुंबईची सेंट झेवियर शाळा १८६९ ची. दीडशे वर्षांहून अधिक काळ अशा शाळांनी इंग्रजी जाणणारा, शिस्तीचा, जगात कोठेही उभा राहू शकणारा विद्यार्थी घडवला. हा विद्यार्थी इंग्लंड-अमेरिकेत, आखातात, ऑस्ट्रेलियात गेला, स्थिरावला आणि तेथे त्याला शाळा आठवली. या आठवणीतूनच परदेशस्थ माजी विद्यार्थ्यांचे संघ जन्माला येतात. म्हणून प्रथम या आठवणीचाच विचार केला पाहिजे. ती एक वाङ्मयीन गोष्ट आहे, आणि तिच्यावरच पुढचा सारा आर्थिक व्यवहार उभा आहे.

माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिका चाळून पाहाव्यात. त्यांत कडक पण प्रेमळ फादर असतात, छडी असते, फुटबॉलचे मैदान असते, डब्यातील खाऊ वाटून घेणारे मित्र असतात. डबा वाटून खाल्ला हे सांगताना कोणाचा डबा कोणी खाल्ला नाही, हा प्रश्न त्या लेखनात उद्भवतच नाही. या आठवणी खोट्या आहेत असे माझे म्हणणे नाही. त्या खऱ्याच आहेत. पण ज्याच्याजवळ गोड आठवण आहे तोच या साहित्याचा लेखक होऊ शकतो, आणि तोच पुढे देणगीदार होतो. ज्याला शाळेच्या फाटकातून आत येताच आले नाही, त्याची आठवण कोणत्या स्मरणिकेत छापायची?

आता याच्या शेजारी आपली आत्मकथने ठेवा. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), आटपाडीच्या शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१). या पुस्तकांतही शाळा आहे, मास्तर आहेत, मायेने वागवणारे काहीजणही आहेत. पण शाळेची आठवण भुकेशिवाय, अपमानाशिवाय आणि जातीशिवाय निघत नाही. तेथे शाळा हे हरवलेले बालपण नाही. ती एक लढाई आहे, आणि लेखक तीतून जिवंत बाहेर आलेला माणूस आहे. एकाच संस्थेविषयी, एकाच भाषेत, एकाच प्रदेशात दोन प्रकारची स्मृती नांदते. यांपैकी एका स्मृतीच्या मागे पैसा जातो, दुसरीच्या मागे जात नाही. परदेशी संघाच्या शिष्यवृत्तीची पहिली मर्यादा येथे आहे. पैसा गरज शोधत जात नाही, तो आठवण शोधत जातो. वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिकलेला माणूस मुंबईच्या गोदीत हमाल होतो, साखर कारखान्यावर जातो, फार तर मास्तर होतो. तोही शाळेला विसरलेला नसतो. पण त्याच्या आठवणीला डॉलरचा भाव नाही.

जेझुइटांच्या आत हा प्रश्न कोणी विचारलाच नाही असे नाही. तो विचारला गेला, आणि फार वरून विचारला गेला. ३१ जुलै १९७३ रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे युरोपातील जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांची परिषद भरली होती. संघाचे प्रमुख पेद्रो आरूपे तेथे बोलले. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात जे बोलायचे नसते नेमके तेच ते बोलले. आम्ही तुम्हाला न्यायासाठी शिक्षण दिले काय, असा प्रश्न त्यांनी केला आणि नाही, दिले नाही, असे त्याचे उत्तरही स्वतःच दिले. शाळांनी काय करावे हे त्यांनी सांगितले, तसेच माजी विद्यार्थ्यांकडूनही तीन गोष्टी मागितल्या. राहणी साधी करा. उघड अन्यायातून येणारा लाभ घेऊ नका, आपले विशेषाधिकार कमी करा. आणि समाजाची रचना बदलण्यासाठी कामाला लागा. हे भाषण पुष्कळांना झोंबले.

या तीन मागण्यांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांत एकही मागणी धनादेश लिहून पुरी होणारी नाही. शिष्यवृत्ती देणे या तिन्हींपेक्षा सोपे आहे. राहणी तीच ठेवून, लाभ तेच घेऊन, रचना तीच राखून शिष्यवृत्ती देता येते. म्हणून आरूपे यांचे भाषण गौरवाने छापणारा आणि त्याचबरोबर शिष्यवृत्तीवर समाधान मानणारा माजी विद्यार्थी संघ त्या भाषणाचा आशय बाजूला ठेवतो आणि फक्त त्याचे शीर्षक घेतो.

ते शीर्षकही तपासून पाहावे लागेल. ‘दुसऱ्यांसाठी माणसे’ असे या भाषणाचे सूत्र जगभर गाजले. त्यात स्त्रियांची भर पुढे पडली. पण आपल्या दृष्टीने मुख्य अडचण ‘दुसरा’ या शब्दात आहे. या सूत्रात करणारा एक आहे आणि ज्याच्यासाठी करायचे तो वेगळा आहे. करणाऱ्याचे नाव फलकावर लागते, दुसऱ्याची संख्या अहवालात लागते. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला ‘दुसरा’ ठरवण्याचे काम या देशात वर्णव्यवस्थेने दोन हजार वर्षे केले. त्याच ‘दुसऱ्या’वर आता प्रेम करायचे, ही भूमिका करुणेची आहे, समतेची नाही. आरूपे युरोपातील सुखवस्तू श्रोत्यांशी बोलत होते. तेथे हे सूत्र धाडसी होते. सातारा-सांगलीच्या मातीत आणताना मात्र त्याला जातीचा प्रश्न विचारल्याशिवाय आत घेता येणार नाही.

हा जातीचा प्रश्न आपल्या प्रदेशात एका शाळेच्या दप्तरात नोंदलेला आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे हा विद्यार्थी न्यू यॉर्क आणि लंडनला गेला. म्हणजे आजच्या भाषेत ते सातारच्या शाळेचे परदेशस्थ माजी विद्यार्थी! त्यांनी आपल्या शाळेविषयी काय लिहिले? बसायला घरून नेलेले आणि संध्याकाळी परत घरी न्यायचे गोणपाट. शिपाई नळ सोडील तेव्हाच मिळणारे पाणी. लोणंदवरून जाणाऱ्या याच पुणे-मिरज मार्गावरच्या मसूर स्टेशनात उतरलेली आणि महार म्हणून कळताच बैलगाडी न मिळालेली मुले. ज्या टिपणांत हे आले आहे त्यांचे नाव ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’ असे आहे. परदेशी जाणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाला व्हिसा म्हणजे काय ते चांगले माहीत आहे. आंबेडकरांना तो आपल्याच देशात लागत होता.

आंबेडकर शिष्यवृत्तीवरच शिकले, हे कोणी नाकारणार नाही. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. शिष्यवृत्ती कोलंबिया विद्यापीठाचे दार उघडू शकली, बडोद्यातील एका खोलीचे दार उघडू शकली नाही. शिष्यवृत्ती व्यक्तीला वर नेते. ज्या समाजात ती परत येणार आहे तो समाज जागचा हलत नाही. हा धडा आपल्या चळवळीने आंबेडकरांच्या आयुष्यातून घेतला पाहिजे.

आणि तरीही आंबेडकर कृतघ्न नव्हते. कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात १९३० मध्ये त्यांनी आपल्या तेथील मित्रांविषयी आणि जॉन ड्यूई यांच्यासारख्या गुरूंविषयी अत्यंत जिव्हाळ्याने लिहिले. माजी विद्यार्थ्याची आठवण त्यांनाही होती. प्रश्न आठवणीचा नाही, फेडीचा आहे. त्यांनी हे ऋण कोठे फेडले? १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून तरतूद करायला लावली, आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ, १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय. ज्या शाळेने पाणी दिले नाही तिच्याकडेही नाही आणि ज्या विद्यापीठाने मान दिला त्याच्याकडेही नाही. फेड खाली गेली, जे अजून आत आले नव्हते त्यांच्याकडे.

ही रीत त्यांच्याही आधीची आहे. मूळचे साताऱ्यातील कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मिशनरी शाळेचा हा माजी विद्यार्थी शाळेला देणगी देऊन थांबला नाही. १८४८ मध्ये त्याने भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. तेथे शिकवणाऱ्या सावित्रीबाई आमच्या खंडाळा तालुक्यातल्याच, नायगावच्या. आणि अगदी अलीकडे, फलटणच्या बेबी कांबळे. दुकान चालवता चालवता वाचत गेलेली ही बाई. ‘जिणं आमुचं’ तिने घरच्यांपासून लपवून लिहिले; ते पुस्तकरूपाने १९८६ मध्ये आले. त्यात मुलींच्या शाळेत सोसलेला विटाळ आहे. अशा बाईने निंबुरे गावी मागास मुलांसाठी आश्रमशाळा उभी केली. माजी विद्यार्थी संघाच्या व्याख्येत ती कोठेच बसत नाही. तरीही शिक्षणाचे ऋण फेडणे म्हणजे काय याचा नमुना शोधायचा असेल तर परदेशात जाण्याची गरज नाही, लोणंदहून फलटणची एसटी पुरे.

आता शिष्यवृत्तीच्या प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. शिष्यवृत्ती शाळेच्या फाटकाच्या आत काम करते. फाटकातून कोण येतो हे तिच्या आधीच ठरलेले असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांच्या प्रवेशवर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा आणि २०१४ मध्ये साऱ्याच अल्पसंख्याक शाळा या कायद्याबाहेर काढल्या. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची शिफारस केली. अल्पसंख्याकांना संविधानाच्या तिसाव्या कलमाने दिलेला अधिकार मोलाचा आहे. आजच्या वातावरणात तो अधिकच मोलाचा आहे आणि त्यावर हल्ला करणाऱ्यांच्या टोळीत आपण जाणार नाही. पण परिणाम काय झाला तेही पाहिले पाहिजे. जेथे गरीब मूल हक्काने आत येऊ शकले असते, तेथे ते आता मेहेरबानीने येते. कायद्याने सोडलेली जागा माजी विद्यार्थ्यांच्या औदार्याने भरायची आहे. औदार्याविरुद्ध मात्र कोणत्याही कचेरीत दाद मागता येत नाही.

हक्क आणि औदार्य यांतला हा फरक माझ्यासारख्या शिक्षकाला रोज दिसतो. माझ्या घरात पहिली पदवी आली ती भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर. आज माझ्या वर्गातील मुले तिला ‘जीओआय’ म्हणतात. ती उशिरा येते, अर्ज अडकतात, मुले संतापतात. हा संताप मला आशेचे लक्षण वाटतो. कारण हक्काचे मिळाले नाही की माणूस चिडतो, भिकेचे मिळाले नाही की गप्प बसतो. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने या योजनेसाठी पाच वर्षांचा ५९,०४८ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला, त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के ठरला. त्याआधी बरीच वर्षे राज्ये आणि विद्यार्थी आरडाओरड करीत होते. देणगीदाराकडे अशी आरडाओरड करता येते काय? तेथे विद्यार्थ्याला आभाराचे पत्र लिहावे लागते. त्याच्या प्रगतिपुस्तकाबरोबर त्याच्या नम्रतेचाही अहवाल परदेशी जातो. आभाराचे पत्र हा एक वाङ्मयप्रकारच आहे, आणि त्यातली भाषा मुलाची नसते. आपल्या आत्मकथनांनी जे पहिले काम केले ते हे पत्र फाडण्याचे.

कर्मवीर भाऊराव पाटलांना हे कळले होते. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग सुरू केले. मुलाने कष्ट करावेत, त्यातून शिकावे, कोणाचा मिंधा होऊ नये, अशी त्यांची ‘कमवा आणि शिका’ची कल्पना. तिच्यातही प्रश्न आहे. कमवावे लागते ते गरिबाच्या मुलाला, श्रीमंताचे मूल नुसतेच शिकते. पण मुलाची मान ताठ राहिली पाहिजे, ही त्यातली जाण शिष्यवृत्ती देणाऱ्या प्रत्येकाने घ्यावी अशी आहे. एकत्र पंगतीचे मोल तर पैशात सांगताच येणार नाही.

जेझुइट शाळांपुढे आणखी एक विशेष प्रश्न आहे आणि त्यावर आपल्या नियतकालिकांतूनही पुरेसे बोलले जात नाही. महाराष्ट्रात जेझुइटांचे काम पुण्या-मुंबईपुरते नाही. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, खेड्यांतही ते एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि तेथे ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांगांचा भरणा मोठा. धर्म बदलला, वस्ती बदलली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेरच राहिले. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. बौद्धांना केंद्राची दारे उघडण्यासाठी १९५६ पासून चौतीस वर्षे लागली, हे ज्यांना आठवते त्यांनी या मुलांचे दुःख वेगळे मानू नये. परदेशी संघाचा पैसा खरोखर कोठे लागायला हवा, याचे एक उत्तर येथे आहे. सरकारच्या अनुसूचित जातीच्या यादीतून धर्मामुळे गळलेले आणि चर्चच्या आतही जातीमुळे मागे राहिलेले हे मूल. ‘आमच्याकडे जात नाही’ असे म्हणणाऱ्या संघाला ते कधी दिसणार नाही.

कारण मोजल्याशिवाय जात दिसत नाही. परदेशी गेल्याने ती गळून पडते हेही खरे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिॲटल शहराने जातिभेदाला बंदी करणारा कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तसेच विधेयक तेथील गव्हर्नरने नाकारले. हा वाद तेथे उभा राहिला तो तेथील भारतीयांमुळेच.

कायद्याची एक अडचण संघांच्या बाजूनेही नोंदवली पाहिजे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाची देणगी परदेशी निधी ठरते, आणि ती घेण्यासाठी संस्थेला नोंदणी किंवा परवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीने असा निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. परिणामी जो पैसा मोठ्या संस्थेतून वाडीवरच्या छोट्या वसतिगृहाकडे वाहू शकला असता, तोही मोठ्या संस्थेतच थांबतो. आठवणीने शहराकडे वळवलेला पैसा कायद्याने तेथेच बांधून ठेवला.

म्हणून मागायचे काय? निवड गरजेवरून करा, गुणांच्या टक्केवारीवरून आणि मुलाखतीतील इंग्रजीवरून नको. नुसती फी नको, वसतिगृह, प्रवास आणि जेवण द्या. गरिबाच्या मुलाची शाळा सुटते ती बहुधा याच खर्चापायी. फोटो आणि आभाराचे पत्र बंद करा. कायदा लागू नसला तरी २५ टक्के जागा आपणहून उघडा. आपल्या शाळेत कोणत्या जातींची मुले आहेत आणि कोणत्या नाहीत, हे मोजून जाहीर करा. १६१६ मध्ये ज्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले त्या फादर स्टीफन्सचा वारसा सांगणाऱ्या संघाने आपल्या मराठी शाळांना इंग्रजी शाळांच्या मागे उभे करू नये. आणि याच संघाचे, झारखंडच्या आदिवासींसाठी झटलेले फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीत असताना मुंबईत वारले. आपल्या शाळेचा अभिमान सांगताना माजी विद्यार्थी त्यांचे नाव घेतात की फक्त उद्योगपतींचे आणि क्रिकेटपटूंचे, यावरून पुष्कळ गोष्टी कळतील.

हे सारे दुसऱ्यांना सांगून आपल्याला मोकळे होता येणार नाही. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीवर आपली मुलेमुली परदेशी जात आहेत. उद्या त्यांचेही संघ होतील, नव्हे, आंबेडकरी मंडळींचे असे संघ तेथे उभे राहिलेही आहेत. प्राध्यापक, अधिकारी, अभियंते झालेले आपण सारे कोणाच्या तरी लढ्याचे माजी विद्यार्थी आहोत. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयीची आपली निराशा उघड बोलून दाखवली होती. ती आजही शिळी झालेली नाही. आपली फेड कोणत्या दिशेने जाते आहे? वर, सत्कार करणाऱ्या संस्थेकडे, की खाली, दप्तर नसलेल्या मुलाकडे? जेझुइट शाळेच्या परदेशस्थ माजी विद्यार्थ्याला विचारायचा प्रश्न आणि स्वतःला विचारायचा प्रश्न एकच आहे. त्याचे उत्तर पावतीपुस्तकात मिळणार नाही. फाटक उघडे आहे की बंद, एवढेच जाऊन पाहावे.

लोणंद, जि. सातारा